देवगांडुळाचे मणके

संगमनेरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याकडची एक विद्यार्थिनी लोणच्याची बरणी घेऊन प्रयोगशाळेत आली. आत वीतभर लांबीचं, जांभळट, अंगावर वळ्या असलेलं मेलेलं जनावर. बांध खणताना ते तिच्या आईच्या कुदळीखाली आलं होतं.

"आई म्हणते सापाचं पिल्लू, बाबा म्हणतात गांडूळ."

ते देवगांडूळ होतं, मातीत राहणारा बिनपायांचा उभयचर प्राणी. वीस वर्षं मी ते फक्त फळ्यावर काढत आले होते. एका डॉक्टर मैत्रिणीला गळ घातली. दुपारी पेशंट संपल्यावर तिनं हसत हसत त्याचा एक्स-रे काढून दिला.

त्या शनिवारी विद्यार्थिनीची आई लेकीबरोबर स्वतःच आली. आपल्या 'सापाचं' काय झालं, ते तिला बघायचं होतं. मी एक्स-रे कॉम्प्युटरवर मोठा करून लावला आणि शेजारी कपाटातला बेडकाचा सांगाडा ठेवला.

"गांडुळाला हाडं नसतात, याला आहेत," मी म्हणाले. "आणि सापाची कवटी मणक्यावर एका गाठीनं टेकते, याची दोन गाठींनी. बेडकासारखी."

बेडकाचे मणके तिनं झटक्यात मोजले. नऊ, आणि पुढं शेपटीचे मणके जुळून झालेली एक काडी. मग पदराची पिन काढून ती पडद्यावरचे मोजू लागली. चाळीसच्या पुढं चुकली, पुन्हा सुरुवात केली. शेवटी तिचे एकशे चौदा भरले, लेकीचे एकशे तेरा, माझे एकशे अकरा. तिघी हसत सुटलो.

"म्हंजे बेडकाची भावकीच हाय," ती म्हणाली. "वाटन्या झाल्या, आन् एकाच्या वाट्याला पाय आलं, दुसऱ्याच्या वाट्याला मनकं."

हेच समजवायला मला वर्गात दोन तास लागतात. सोमवारी मी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

"माज्यात किती मनकं?" शनिवारी जाता जाता तिनं विचारलं होतं.

"जन्मताना तेहतीस. मोठेपणी खालचे जुळतात."

"तरीच कंबर धरती."

पुढं भातलावणीच्या दिवसांत तिचा फोन आला. खाचरात जिवंत देवगांडूळ निघालं होतं. लावणीच्या सगळ्या बाया कामं टाकून बघायला जमल्या, आणि तिनं त्यांना भावकीची सगळी हकिकत सांगितली.

"फोटू काढला का?" मी अधीर होऊन विचारलं.

"न्हाई मॅडम. मोबाईल काढस्तवर चिखलात गेलं. पर आमी लई बघितलं."