शालूबाई नेमक्या पडल्या कशा

शालूबाईंचं मनगट मोकाट बैलानं मोडलं, हे २००७ साली आमच्या गावानं मान्य केलं होतं. सांगणाऱ्या शालूबाईच, आणि प्रत्येक वेळी बैल थोडा मोठा व्हायचा. वय अडुसष्ट, अंगानं काडी, जीभ मात्र कोयता. दर आठवड्याला एकट्या औंढ्याच्या बाजारात जाऊन स्वतः पिकवलेली वांगी-मेथी विकायच्या आणि येताना तालुक्याच्या भानगडी फुकटात आणायच्या. त्यांच्या मुलानं, हरीशनं, मात्र बजावून ठेवलं होतं, "आई, तू आपसूक पडायला लागली की बाजार बंद."

प्लॅस्टर निघालं आणि औंढ्यात हाडांचं शिबिर लागलं. यंत्रात टाच ठेवायची, चिठ्ठी घ्यायची. निम्म्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठीवर 'हाडं विरळ' आलं. हरीशनं आईला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शेजारी म्हणून मीही जीपमध्ये चढलो. गुडघे दाखवायचे होते, असं निदान बायकोला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली. "नुसत्या ह्या आकड्यावर मी औषध देत नाही. वय, वजन, आधी काय मोडलं, घरात कुणाचं मोडलं, सगळं बघते. आईचं कधी काही मोडलं होतं?"

"मायचा खुबा मोडला. न्हाणीत पडली. वर्षभर खाटंवर व्हती, तशीच गेली."

"आणि हे मनगट?"

"बैलानं उडवलं."

"बैलानं उडवलं तर पैलवानाचंही मोडेल, ते मी धरत नाही. पण उभ्या-उभ्या पडून मोडलं असेल तर गोष्ट वेगळी. हाडं विरळ, त्यात आईचा खुबा. मग औषध आत्ताच हवं, नाहीतर उद्या तुमचाही खुबा जायचा. नीट आठवून सांगा."

शालूबाईंनी हरीशकडे बघितलं. मी उगाच खोकलो.

"तुमी खोकू नका, माणिकराव!" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "बैल न्हवता, बाई. ह्यांच्या घरी नवरा-बायकोचं भांडण चालून राहिलं व्हतं. मी भिताडाला कान लावून उभी. निघाया वळले अन् लुगडं पायात आलं."

"कशावरून भांडण?" हरीशनं विचारलं.

"ते इथं सांगायचं न्हाई," मी म्हणालो.

"आई, बाजार बंद," हरीश म्हणाला.

"बंद काहीच करायचं नाही," डॉक्टरीणबाई हरीशला म्हणाल्या. "चालणं सुटलं की हाडं आणखी झिजतात. ओझं तेवढं तुम्ही उचला."

रक्त तपासून गोळी सुरू झाली. आठवड्यातून एक, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत. मग अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही.

गावातली चांगुणाही आपली चिठ्ठी घेऊन हिंगोलीला गेली. वय बावन्न, कधी काही मोडलेलं नाही. तिला डॉक्टरीणबाईंनी दूध, ऊन आणि चालणं सांगून परत पाठवलं. गोळी नाही म्हणून ती महिनाभर रुसून होती.

हरीश मात्र दर बाजारी आईची टोपली जीपमध्ये चढवू लागला, आणि शालूबाई पुढच्या सीटवरून सगळ्या गावादेखत ओरडायच्या, "दाबू नको रे, वांगी हायती ती!"