नावेची पुढची फळी

या ग्रुपवर मी बऱ्याच दिवसांपासून आहे, पण फक्त वाचते. कमेंटसुद्धा कधी केली नाही. खरं सांगायचं तर इथले अर्धे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणं शोधत असते... वारा असेल, ताप असेल, झोप झाली नसेल. आमचं घर बौद्ध. भूत, अंगात येणं, उतारा — असलं काही आमच्याकडे बोललंही जात नाही. त्यात माझी आत्या नर्स. तिच्यासमोर कोणी असा विषय काढला की ती म्हणायची, "किती लोकं माह्या हातात गेले. एक तरी परत आला का चाय प्याले?"

हा अनुभव त्या आत्याचा आहे. किंवा नाहीये. ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

गाव गोंडपिपरी तालुक्यात. आष्टीच्या रस्त्यावरून एका फाट्याला आत वळावं लागतं. नाव देत नाही. गावामागे जुना मामा तलाव आहे, म्हणजे मालगुजारांच्या काळात बांधलेला. एका बाजूला मातीची लांब पाळ, पलीकडे जंगल, आणि पाळीच्या टोकाला सांडवा. पाऊस चांगला झाला की ऑक्टोबरातही सांडव्यावरून पाणी वाहतं आणि खाली दगडांत पडतं. तो आवाज आमच्या अंगणात ऐकू येतो.

आत्या रिटायर झाल्यावर एकटीच तिथे राहायची. माझं काम लॅपटॉपवरचं, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. मला लोकांशी बोलायला जमत नाही. दुकानात, बँकेत, शेजारी — सगळीकडे आत्या बोलायची आणि मी पिशवी धरून उभी असायचे. ते आम्हा दोघींना सोयीचं होतं.

तिची बरीच नोकरी एटापल्लीकडच्या उपकेंद्रांत गेली. पावसाळ्यात लसींचा डबा मांडीवर घेऊन डोंग्यातून नदी ओलांडायची. डोंगेवाला दरवेळी तिला पुढे बसवायचा, कारण पुढे वजन नसलं की डोंगा नाक वर करतो आणि वारा त्याला फिरवतो. "जिंदगीभर समोर बसली, पन वल्हं कोनी हातात देल्लं नाई," असं ती म्हणायची. म्हणून एकदा मी तिला इंटरनेटवर घरी बांधायच्या छोट्या होड्यांचे प्लॅन आणि व्हिडिओ दाखवले. प्लायवूडच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, आणि मग सांधे इपॉक्सीच्या गोंदाने भरून वर फायबरग्लासच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. आत्याने चष्मा लावून व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाली, "हे तं टाके हाये. हे मले येते."

तलावात मासेमारी करणारे सुखरामभाऊ रोज आमच्या अंगणावरून जायचे. त्यांचा स्वतःचा लाकडी डोंगा आहे.

"नर्सबाई, नाव शिवून राह्यल्या? गोधडी हाय का?"

"गोधडीच हाय. तुमच्या डोंग्यात पानी येते, हिच्यात ऊब येईन."

"बुडाली मंजे आवाज द्या."

"तुम्हालेच देईन. तुमी इंजेक्शनले भेत होते, तवा मी धरलं होतं का नाई?"

नावेला दोन फळ्या होत्या बसायला. मागची माझी, पुढची आत्याची. ते पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

होळीच्या आधी आत्या गेली. अटॅक आला. तोवर सगळं शिवून झालं होतं, सांधे भरायचे बाकी होते. तेराव्याचं वगैरे आमच्यात नसतं; वंदना झाली, नातेवाईक आले आणि गेले. बाबा म्हणाले, नागपूरला चल. मी म्हटलं, नाव पूर्ण करून येते. ते ऐकायला विचित्र वाटलं असेल, पण कोणी वाद घातला नाही.

उन्हाळाभर मी एकटीने सांधे भरले, घासले, पिवळा रंग दिला. इपॉक्सी सुकल्यावर तारा काढून टाकायच्या असतात. पुढच्या टोकाचे टाके आत्याने घातले होते, तेवढे मी काढले नाहीत. त्या महिन्यांत असेही दिवस गेले की संध्याकाळी फोनवर "हॅलो" म्हणताना लक्षात यायचं, आजचा हा माझा पहिला शब्द.

पावसाळ्यानंतर नाव पाण्यात उतरवली. एकटी मागे बसले की पुढचं टोक हातभर वर यायचं, म्हणून पुढच्या फळीवर मी पाळीवरचा एक मोठा दगड ठेवायला लागले. मग नाव सरळ चालायची. अगदी समतोल नाही, थोडी मागेच झुकलेली, पण ऐकायची.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी मी शीड लावून बघायचं ठरवलं. बांबूची काठी आणि निळ्या ताडपत्रीचा तुकडा. काठी बसवायची जागा पुढच्या फळीतच होती, म्हणून दगड काढून पाळीवर ठेवला. काठी बसल्यावर तो परत ठेवायला हवा होता. विसरले. पाठीमागून वारा होता आणि नाव इतकी छान सुटली की मी... बहुतेक हसले. कोणीतरी बघायला हवं होतं असं वाटलं.

भान आलं तेव्हा सांडव्याचा आवाज जवळ आला होता. वारा वाढला होता आणि तो तिकडेच वाहत होता. मी शीड उतरवलं, वल्हं घेतलं, नाव वळवायला लागले. टोक वर. अर्धं वळलं की वारा ते टोक ढकलून परत सांडव्याकडे करायचा. पुन्हा तेच. पुन्हा. मी स्वतः पुढे सरकायला गेले तर नाव इतकी हलली की परत खाली बसले. पोहता येतं मला, पण त्या ओढीत नाही, आणि खाली दगड होते. फोन पाळीवर. पाळीवर माणूस नाही. मी गेले तर कोणाला कळेल? संध्याकाळी बाबा फोन करतील, मी उचलणार नाही, त्यांना वाटेल झोपली असेल. ओरडायचं होतं, पण कोणाचं नाव घेऊन ओरडायचं ते सुचेना.

तेव्हा नाव डावीकडे झुकली. मग उजवीकडे, थोडी कमी. आणि पुढचं टोक खाली आलं.

लाटेने आपटतं तसं नाही. सावकाश... काठावरून कोणी एक पाय आत टाकावा, मग दुसरा, आणि सांभाळून बसावं, तसं. ज्यांनी छोटी नाव चालवली आहे त्यांना हे हलणं माहीत असेल.

समोरची फळी रिकामी होती. शिडाची काठी, खाली आलेली ताडपत्री आणि दोरीचं ओलं वेटोळं, दुसरं काही नाही. मी बघितलं, हे मला नीट आठवतं. पण टोक खालीच राहिलं आणि वल्हं मारल्यावर नाव वळली, पूर्ण वळली, आणि वाऱ्यात सरळ चालायला लागली. जड चालत होती. दगड असतानापेक्षा जड. मी फळीकडे परत बघितलं नाही. खांदे दुखेपर्यंत वल्हं मारत राहिले.

पाळीला टोक लागलं. मी उठले नाही. नाव काठाला लागली की पुढच्याने आधी उतरायचं असतं. एकदा नाव हलली, आणि टोक हलकं होऊन वर आलं.

मी किती वेळ बसून होते माहीत नाही. सुखरामभाऊ जाळं घेऊन पाळीवर आले, त्यांनी नाव ओढायला हात लावला, आणि मग ते थांबले. तलावात तेव्हा बारीक हिरवं शेवाळ होतं, ते नावेच्या पिवळ्या रंगाला चिकटायचं. त्याची रेघ पुढून मागेपर्यंत एकसारखी होती. पट्टी ठेवून ओढल्यासारखी. मी एकटी असले की ती पुढे खाली आणि मागे वर असायची.

"कोन होतं संगं?"

"कोणी नाही."

"मंग समोर पानी भरलं असन."

मी पण तेच धरून चालले होते. आम्ही दोघांनी आत बघितलं. दोरी सोडली तर पुढचा भाग कोरडा होता. त्यांनी आतून तळावर हात फिरवला, आत्याच्या टाक्यांवरूनही. मग हात धोतराला पुसला.

"मले नाई मालूम, बाई," ते म्हणाले. जाळं खांद्यावर टाकत म्हणाले, "चाय पेशीन का? घरी चाल."

मी गेले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले होते.

माझ्याकडे कारण नाही. वारा पडला असेल म्हणावं तर वारा होता. घाबरल्यामुळे भास झाला म्हणावं तर भासाने शेवाळाची रेघ बदलत नाही. आत्याला सांगितलं असतं तर तिने आधी माझं बीपी बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी हवा शांत असताना मी मुद्दाम दगड न घेता निघाले. काठाजवळच राहिले. थांबले. टोक वर ते वरच. बराच वेळ थांबले, मग परत येऊन दगड घेतला.

नागपूरला मी अजून गेलेले नाही. नाव चालवते. दगड आता फळीवर ठेवत नाही, फळीच्या मागे, खाली तळाशी ठेवते; फळी मोकळी असते. नाव त्याने जरा कमी ऐकते, पण चालतं.