लिंबाला फुटलेलं दूध

"नाना, हे दूध नाही. झाडाचा रस आहे," मी म्हणालो.

"माले काय सांगस भाऊ? त्यास्ले सांग!" नानांनी गर्दीकडे हात केला.

धुळ्याजवळच्या खेड्यातली ही गोष्ट. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. नानांच्या शेतातल्या कडुलिंबाच्या खोडातून पांढरा, फेसाळ रस वाहत होता. लोक नारळ घेऊन येत आणि वेचणीला आलेला कापूस तुडवत झाडापर्यंत जात. मी शाळेत मास्तर. एका साप्ताहिकात विज्ञानाचं सदर लिहायचो. "झाड आजारी शे, असं छापी दे," एवढंच नानांचं मागणं.

कारण साधं होतं. सालीला तडा गेला की गोड रस बाहेर येतो, सूक्ष्म जंतूंमुळे आंबतो आणि फेसाळतो. ताडीसारखाच. पण मी खोडावर तळहात ठेवला. गार, ओलं. ना मोट, ना इंजिन, आणि काळ्या मातीतलं पाणी शेंड्यापर्यंत चढत होतं. मी कधी देवळात न जाणारा. हात जोडले गेले.

लेखाची सुरुवात मी तिथूनच केली. रसाचं कारण शेवटच्या परिच्छेदात ठेवलं. मॅटर जागेपेक्षा वाढलं की छापखान्यात ते खालून कापतात. ऐन वेळी सरकीची जाहिरात आली. फोरमन रामभाऊंनी शेवटचा परिच्छेद काढला.

गर्दी दुप्पट झाली. 'मास्तरनी बी हात जोडात!' असं जो तो सांगू लागला. नाना थेट साप्ताहिकाच्या ऑफिसात आले.

"मी वैद्य बलावा, तू ते पुजारी निंघना!"

संपादक फोरमनवर कडाडले, "रामभाऊ, नेमकं कारणच कापलंत?"

"साहेब, नेहमी खालूनच कापतो. मास्तरांना ठाऊक आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कापण्याआधी वाचायला हवं होतं."

मला ठाऊक होतं. पान भरत आलंय, हेही त्या दुपारी दिसलं होतं. तरी हात जोडल्याचं ते वाक्य खाली न्यायला मन होईना. माझंच वाक्य, पण फार आवडलं होतं. बोलणी रामभाऊंनी खाल्ली. त्यांच्याजवळ मी हे कधी कबूल केलं नाही.

पुढच्या अंकात कारण पहिल्या ओळीत छापलं. कुणी वाचलं, कोण जाणे. थंडी वाढली तसा रस आटला आणि लोक यायचे थांबले. तोवर झाडाभोवतीचा कापूस मातीत गेला होता. वेचायला आलेल्या बायकांना नानांनी बांधावरूनच परत पाठवलं.

नव्याने लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो : भक्ती खाली लिहावी. कापली गेली तरी कुणाचं पीक जात नाही.