ड्रायव्हरसाहेबांनी शिवलेला गाऊन

माझे बाबा बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले. गल्लीत त्यांना अजूनही ड्रायव्हरसाहेब म्हणतात. पुढेमागे कुणी शिंपीसाहेब म्हणू नये, याची तजवीज त्यांनी पहिल्याच दिवशी केली. मशीन मोटरचं. भरलेली बस चढावर काढायची असावी तसा त्यांनी पेडलवर पाय दाबला. सुई धाडधाड सुटली, कापड गोळा होऊन आत गेलं आणि सुईचे दोन तुकडे झाले. याला ब्रेक कुठाय, असं त्यांनी विचारलं. पाय उचलणं हाच ब्रेक, असं आईने खुर्चीतून सांगितलं.

मशीन आईचंच. अख्ख्या गल्लीचे कपडे तिने शिवले. एक दोरा लोंबताना दिसला तर गिऱ्हाइकाला जिन्यातून परत बोलावणारी बाई. मागच्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जीभ शाबूत राहिली हे आमचं नशीब. बाबांचं मत जरा वेगळं आहे.

हाताचं तिने फार मनाला लावून घेतलं नाही. डाव्या हाताने जेवायला शिकली, केस विंचरायला शिकली. खुपत होती ती एकच गोष्ट. तिला स्वतःचे कपडे घालता येईनात. उजवा हात वर होत नाही, म्हणून डोक्यातून काही घालता येत नाही, आणि एका हाताने बटणं लावायची म्हणजे नाकी नऊ. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी दोन गल्ल्या पलीकडून यायचे आणि तिला कपडे घालून द्यायचे. तेवढा वेळ ती डोळे गच्च मिटून उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं. आणि माझी खोड अशी की वाईट वाटलं की मला राग येतो, मग मी तिच्यावरच खेकसायचे, हात सोड, मान वळव. दिवसभर कामात लक्ष म्हणून लागायचं नाही. बाबा म्हणाले, मी घालतो. तर आई म्हणे, तुम्ही मला पोत्यासारखं ओढाल.

त्यानंतरच बाबा म्हणाले, मला मशीन शिकव, वेळ जात नाही. तिला वाटलं, उशांचे अभ्रे शिवतील बिचारे. खरा बेत फक्त मला ठाऊक होता. तिला एका हाताने, कुणालाही हाक न मारता घालता येईल असा गाऊन त्यांना शिवायचा होता.

पहिले चार दिवस दोरा नाहीच. रेघांच्या वहीचं पान घ्यायचं आणि रेघेवरून नुसती सुई न्यायची. बाबांची गाडी दर दुसऱ्या रेघेला फुटपाथवर चढायची. शेवटी आईने त्यांच्याच भाषेत शिकवायला घेतलं. कोपरा म्हणजे वळण. वळणाआधी वेग कमी, सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड दाबणारा लोखंडी पाय वर करायचा, कापड फिरवायचं, पाय पुन्हा खाली. हा पाय खाली करायला ते शंभरदा विसरले आणि शंभरदा बोलणी खाल्ली, पण एकदा चिडतील तर शपथ. प्रवाशांनी त्यांना तयारच तसं केलं होतं. महिनाभरात सहा अभ्रे झाले आणि सहाव्यात चक्क उशी मावली. आई खुशीत होती. ओरडायला हक्काचं माणूस मिळालं होतं.

गाऊन कापला माझ्या घरी, आणि संध्याकाळी मी आईला व्यायामाला नेई तेव्हा बाबांनी तो शिवला. निळ्या कापडाचा, बारीक ठिपक्यांचा. युक्ती साधी होती. उजवा खांदा गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडा. पायातून वर ओढायचा, डावा हात बाहीत घालायचा आणि उजव्या खांद्यावर डाव्या हाताने वेल्क्रोची पट्टी दाबायची. बस्स.

रविवारी सकाळी त्यांनी तो तिच्या पुढ्यात ठेवला. तो डाव्या हाताने उचलून ती खोलीत गेली, दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिने मला बोलावलं. गाऊन तिच्या अंगावर होता, पण उघडा खांदा होता डावा. आता आपल्याच डाव्या हाताने आपलाच डावा खांदा बांधून बघा, म्हणजे कळेल. तिने पुन्हा डोळे मिटून घेतले.

बाहेर येऊन मी बाबांना विचारलं, हे झालं कसं. ते आरशापाशी गेले. ती केस विंचरत असताना मागे उभं राहून त्यांनी आरशात बघून कागदावर चित्र काढलं होतं. आरशात उजवीकडे दिसलेला खांदा कागदावर उजवीकडे, कागदावरचा कापडावर उजवीकडे. समोरच्या माणसाचा उजवा आपल्या डावीकडे येतो, हे डोक्यातच आलं नाही. जन्म बसच्या आरशात बघण्यात गेलेला, आरशात दिसलं म्हणजे खरं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी रागावणार होते, पण ते कात्री कुठाय, कात्री कुठाय करत टाके उसवायला शिवणाचा डबा उपसू लागले. मला रडूच आलं.

आतून आईचा आवाज आला, "कात्रीला हात लावू नका. कुणी आत येऊ नका."

आम्ही दोघं बंद दारासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे. आत खुर्ची सरकली.  बऱ्याच वेळाने पट्टी चर्रकन उचकटून पुन्हा दाबल्याचा आवाज आला, आणि दार उघडलं.

तिने गाऊन उलटा करून घातला होता. सगळ्या शिवणी बाहेर, जागोजाग दोरे लोंबताहेत, बगलेपाशी तर दोऱ्याचा भला मोठा गुंता. पण उघडा खांदा उजवीकडे आला होता आणि पट्टी घट्ट बसली होती.

"उलटा आहे," आई म्हणाली, "पण माझी मी घातलाय."

बाबा त्या गुंत्याकडे बघत राहिले. म्हणाले, दुसरा शिवतो, सुलट. ती म्हणाली, शिवालच, पण तोवर मी हाच घालणार.

सोमवारी सवयीने सहाला उठून मी गेले. बेल वाजवली. दार आईने उघडलं, तोच निळा गाऊन, तशाच शिवणी बाहेर, केस विंचरलेले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "एवढ्या सकाळी काय काम काढलंस?"