अ‍ॅम्प्लिफायरमधलं कुंकू

वडिलांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी अजून वापरतो. वडील गेले, पण त्यांचं यंत्र मी चालू ठेवलं, याचा मला भारी अभिमान. तो मी चारचौघांत मिरवतोही. असल्या जुन्या यंत्रांचं वेड असलेल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथे मी जाणकार समजला जातो. जाणकार कसला, व्हिडिओ बघून मल्टिमीटर धरायला शिकलेला माणूस.

गेल्या उन्हाळ्यात डावा स्पीकर खरखरायला लागला, आणि मग मधूनच गप्प व्हायला लागला. आवाजाच्या बटणात क्लीनर मारून पाहिला, फरक पडेना. शेवटी झाकण उघडलं. वरच्या जाळीतून आत पडलेलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर, आणि हा अ‍ॅम्प्लिफायर. झेंडू सिन्नरकडच्या मामाच्या मळ्यातला असतो, त्यामुळे फुलांना तोटा नसतो.

माझं डोकं फिरलं. आईला हाक मारून उघडं यंत्र दाखवलं. "हे देवघर आहे का? किती नाजूक काम असतं हे, काही कळतं का तुला?"

"चुकलं बाबा," आई म्हणाली. "आता नाय वाहणार."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्या कुंकवाचा फोटो काढला आणि 'बिघाड सापडला, मातोश्रींची कृपा' असं लिहून ग्रुपवर टाकला. लोकांनी हसून हसून ग्रुप भरून टाकला. मला तेव्हा मजा वाटली होती, हे लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ब्रशने सगळं झाडून काढलं, झाकण बसवलं. डावा स्पीकर गप्पच.

मग जे सगळ्यात आधी करायचं असतं ते मी केलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. दोष यंत्रात असता तर आता उजवा गप्प झाला असता. गप्प राहिला तो डावाच. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. तार चाचपत सोफ्यामागे गेलो, तर मधला जोड सुटलेला. तार कमी पडली म्हणून तो जोड मीच दिला होता, नुसता पीळ घालून आणि वर टेप गुंडाळून. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. जोड पक्का केला आणि डावा स्पीकर लगेच वाजू लागला. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "झाला का सुरू?" मी लिहिलं, "हो, साफ केल्याबरोबर."

पुढे ग्रुपमधला एक मित्र गाणी ऐकायला घरी आला. आई पाणी घेऊन आली तसा तो म्हणाला, "काकू, यंदा अ‍ॅम्प्लिफायरपुढे नारळ फोडणार की नाही?" आई हसली आणि पदर सारखा करत आत गेली. मी नुसता आवाज वाढवला.

या दसऱ्याला आईने मिक्सरला कुंकू लावलं, शिलाई मशीनला फूल वाहिलं, आणि अ‍ॅम्प्लिफायरला वळसा घालून पुढे गेली.

"याचं राहिलं," मी म्हणालो.

"नको. लय बारीक कामाची वस्तू हाय ती."

मला राहवेना. "आई, बिघाड कुंकवामुळे नव्हता. माझाच जोड सुटला होता."

"ठाऊक हाय. तू सोफ्यामागं तार जोडत होतास, तवा मी दारातच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलायचं? तुझे बाबा वाहायचे त्याला, म्हणून त्यांच्या माघारी मी वाहत होते." तिने ताटातली उरलेली फुलं एका बाजूला सारली. "तुझ्या त्या लोकांना सांगितलंस का?"

सांगतो म्हणालो. दसरा कधीच होऊन गेला. मी ग्रुप उघडतो, खरं काय ते लिहितो आणि पाठवायच्या आधी पुसून टाकतो. आता कोणी गाणी ऐकायला येणार असलं की आई चहाचं आधण ठेवते आणि शेजारच्यांकडे जाऊन बसते.