रशीदभाईंच्या दुकानातली ट्यूब

रशीदभाईंच्या सलीमचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात दूध घेऊन घराकडे परतत होतो. "अब्बा गेले, चाचा," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. चाळीस वर्षं एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि जाताना रशीदभाई कुणाला काही बोलून गेले असतील का, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. त्याची लाज आजही वाटते.

रशीदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान औरंगपुऱ्यात. आमच्या चौघांच्या सायकल संघाचे ते कप्तान. शर्यत चार दिवसांची, रोज एक टप्पा, आणि सगळ्या दिवसांची वेळ मिळून निकाल. असल्या शर्यतीत कुणी एकटा जिंकत नाही, हे त्यांनी आम्हाला सोड्याच्या बाटल्यांची बुचं बाकावर मांडून शिकवलं. तीन बुचं पुढे, वारा अंगावर घेणारी. चौथं त्यांच्या आडोशाला, दम राखून ठेवणारं. चौथं बूच म्हणजे बहुतेक वेळा मी, कारण अंगानं काटकुळा आणि चढाला तिखट. टप्पा सुरू होण्याआधी ते प्रत्येकाच्या मांडीत अंगठा रुतवून बघायचे, आज कोण ताजा आणि कोण थकलेला. "तोंडाचं काय खरं नाय, पायाला ईचारतो मी," म्हणायचे.

ती गोष्ट घडली त्या वर्षी तिसऱ्या दिवशी कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जायचं होतं आणि चौथ्या दिवशी तोच घाट चढून परत यायचं. चढावर मी वेळ काढायची, असा बेत. राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडणारे चाळीसगावात शेवटच्या रेषेवर बसणार होते, आणि त्या सकाळी सगळ्यांत चांगले पाय खुद्द रशीदभाईंचे होते. बाकीचे दोघं म्हणालेही, आज तुम्ही स्वतःसाठी पळा. त्यांचं वय उलटत चाललं होतं, पुन्हा अशी संधी येणार नव्हती. पण त्यांनी बेत बदलला नाही. माझ्या मांडीवर त्यांचा अंगठा जरा जास्तच थांबला... मी नजर चुकवली. आदल्या महिन्यात त्याच घाटात एकटाच सराव करताना मी ट्रकखाली जाता जाता वाचलो होतो, आणि तेव्हापासून उतार दिसला की माझी बोटं आपोआप ब्रेकवर जायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याच्यासाठी तिघं वारा खाणार, त्यानं मी घाबरलोय हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

घाट सुरू झाला, दरी दिसली आणि ब्रेकवर आवळलेली माझी बोटं सुटेचनात. आमचे तिघं पुढे गेले, मागून येणारेही झपाझप निघून गेले. दुसऱ्या वळणावर ट्रकचा भोंगा ऐकला आणि मी पाय टेकला. कठडा धरून उभा राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग खालून एक सायकल चढून येताना दिसली... रशीदभाई. आता शिव्या बसणार असं वाटलं. ते जवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "दरी बघू नको. माझं मागचं चाक बघ. मी ब्रेक लावंल तवाच लाव."

त्या चाकावर नजर खिळवून, जीव मुठीत धरून मी उतरलो. पायथ्याशी त्यांनी पिशवीतून दाभण काढलं आणि स्वतःच्याच पुढच्या चाकात खुपसलं. ट्यूब बदलता बदलता म्हणाले, "माझं पंक्चर झालं. तू माझ्यासाठी थांबलास. दुसरं काय बी बोलायचं नाय."

आणि मी बोललो नाही. कप्तानासाठी शर्यत सोडणारा पोरगा म्हणून माझं कौतुक झालं, सत्कार झाला, पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तो किस्सा कामी आला. रशीदभाईंना निवडायला पुन्हा कुणी आलं नाही. जगाची पंक्चरं काढतो आणि स्वतःचं चाक तपासत नाही, अशी त्यांची थट्टा औरंगपुऱ्यात वर्षानुवर्षं चालली. ते हसायचे. ती ट्यूब मात्र त्यांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली, न जोडता. मी गेलो की आधी ती दिसायची. काढून टाका म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

रशीदभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर दुकानात गेलो. सलीमनं चहा मागवला आणि ट्यूब खाली काढली. "चाचा, हे भोक काचंचं नाय, खिळ्याचं नाय. दाभणाचं हाय. मी अब्बाला लई वेळा विचारलं. म्हणायचे, अरुणला ईचार, त्याला जमंल तवा तो सांगंल."

म्हणजे ते कुणाला काही बोलले नव्हते. वाट बघत होते... माझी. मी त्यांच्या स्टुलावर बसलो, गुडघ्याच्या वर स्वतःचाच अंगठा दाबून धरला आणि सांगितलं. घाबरलो होतो, हा शब्द चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघाला.

सलीम रागावेल असं वाटलं होतं. त्यानं भोकावरून बोट फिरवलं.

"म्हणजे अब्बांनी चाक तपासलं होतं," तो म्हणाला. मग त्यानं ती ट्यूब फडक्यानं पुसली आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगली.