कानामागची गाठ

भाचीला बघायला आलेल्या बाईंनी निघताना कौतुकाने तिच्या गालांवरून हात फिरवले. आता स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडणार, तोच एक हात तिच्या कानामागे अडला.

"हे काय गं?"

"हाडाची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, साधीच आहे, फक्त अशा जागी सहसा होत नाही."

बोटं गाठीवरून पुन्हा फिरली, आंबा दाबून बघावा तशी. मग बाईंनी ती पदराला पुसली. बोटं मोडायची राहूनच गेली. माया आणि पारख माणसं एकाच हाताने करतात. मधे हात उचलावाही लागत नाही.

संध्याकाळी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली म्हणून तर आले होते!

माझी बहीण लेकीवर खेकसली, "तरी सांगत होते, केस मोकळे सोड."